शिंगल्सचं छप्पर किती वर्षं चालतं? वाचकांचे प्रश्न

या वेळी एकाच विषयावरची पत्रं घेतली आहेत. छपराची कामं मृगाच्या आत झाली नाहीत तर दसऱ्यापर्यंत थांबावं लागतं, म्हणून ही घाई. बावधन, बाणेर, एनआयबीएम रोड, मुळशी अशा भागांत ज्या बंगल्यांवर आणि रो हाउसवर डांबरी शिंगल्स बसल्या, त्यांतल्या पुष्कळ छपरांची पहिली मोठी दुरुस्ती आता निघते आहे. काचतंतूंची जाळी, तिच्यावर डांबराचा थर आणि वर रंगीत दगडाची बारीक खडी, अशी ही शिंगल असते. कौलाची किंवा पत्र्याची देखभाल तिला चालत नाही, आणि नेमका तिथेच घोटाळा होतो.

प्रश्न : ताई, आमचं बावधनला रो हाउस आहे. छपराला तेरा वर्षं झाली. गेल्या पावसाळ्यात पन्हळीत काळसर वाळू साठलेली दिसली. जिन्यावरच्या छताला, शेजारच्या उंच भिंतीलगत, ओलही आली. ठेकेदार म्हणतो, शिंगल्स दहाच वर्षं टिकतात, आता सगळ्या छपरावर वॉटरप्रूफिंगचे दोन हात मारून घ्या. पाकिटावर मात्र तीस वर्षं लिहिलं होतं. खरं कोणाचं?
(एक वाचक, बावधन)

उत्तर : दोघांचंही नाही. पाकिटावरची 30 वर्षं ही मालाची हमी आहे, छपराचं आयुष्य नव्हे. हमीपत्र एकदा शांतपणे वाचा. बहुतेक हमीपत्रांत सुरुवातीची काही वर्षं पूर्ण भरपाई असते, नंतर ती दरवर्षी घटत जाते. शिवाय खिळे ठरलेल्या रेषेवर मारलेले हवेत आणि छपराखाली हवा खेळती हवी, अशा अटी असतात. पुण्यातल्या छपरांवर या दोन्ही अटी पाळलेल्या मला क्वचित दिसतात.

शिंगल दोन प्रकारची येते. एक तीन पाकळ्यांची, एकपदरी. दुसरी दुपदरी, जाड, जिला आर्किटेक्चरल म्हणतात. हा माल मुळात अमेरिकेचा. तिथे पहिली साधारण 15 ते 20 आणि दुसरी 25 ते 30 वर्षं चालते. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी गडद छप्पर 65-70 अंशांपर्यंत तापतं आणि वळवाची सर आली की काही मिनिटांत झपकन थंड होतं. या ताणण्या-आकसण्यानं डांबर लवकर म्हातारं होतं. म्हणून पुण्यात दुपदरी शिंगलची मी 18 ते 22 वर्षं धरते, एकपदरीची 12 ते 15. तीही खालून हवा मिळत असेल तर.

पन्हळीतली वाळू म्हणजे शिंगलवरची खडी. ती शोभेसाठी नसते. उन्हातल्या अतिनील किरणांपासून डांबराला तीच वाचवते. छप्पर नवं असताना पहिल्या पावसात सुटी खडी वाहून येतेच, तिची काळजी नको. तेराव्या वर्षी मूठ-मूठ येत असेल तर मात्र पाहायला हवं. समोरच्या गच्चीवरून मोबाइलचा कॅमेरा झूम करून प्रत्येक पाख्याचे फोटो काढा. काळे उघडे चट्टे दिसतात का, कडा वर वळल्यात का, एखादी पाकळी गायब आहे का, ते बघा. मग सकाळी सात-साडेसातला, छप्पर थंड असताना, जाणत्या माणसाला एका शिंगलचा कोपरा हलकेच उचलायला सांगा. वाकली तर तिच्यात जीव आहे. शिळ्या भाकरीसारखी मोडली तर त्या पाख्यावर दुरुस्तीचे पैसे घालू नका, ते पाखं बदलायलाच आलंय. दुपारी कुणालाही वर चढू देऊ नका. तापलेल्या शिंगलवर पाय घासला की खडी जागच्या जागी निघते.

आता तुमची ओल. ती भिंतीलगत आहे, आणि तेवढ्यावरून मी सांगू शकते की शिंगलच्या वयाशी तिचा बहुधा संबंध नाही. छप्पर गळतं ते सांध्यांत: भिंतीशी, दोन पाखी आत मिळतात त्या व्हॅलीत, पाइप वर येतो तिथे. छप्पर भिंतीला भिडतं तिथे काटकोनात वाकवलेल्या पत्र्याचे सुटे तुकडे बसवायचे असतात, शिंगलच्या प्रत्येक ओळीला एक, वरचा खालच्यावर चढवून. याला स्टेप फ्लॅशिंग म्हणतात. एका तुकड्यामागे पाणी शिरलं तरी ते लगेच खालच्या शिंगलवर बाहेर पडतं. आपल्याकडे त्याऐवजी एक लांबलचक पट्टी ठोकतात आणि वर सिलिकॉनची रेघ ओढतात. दोन-तीन उन्हाळ्यांत सिलिकॉन भिंत सोडतं आणि पाणी त्या पट्टीमागून थेट जिन्यावर उतरतं.

म्हणून भिंतीलगतच्या शिंगल्स सोडवून घ्या. तुकड्या-तुकड्यांची फ्लॅशिंग भिंतीवर किमान चार इंच चढेल अशी बसवा. प्लास्टरमध्ये खाच मारून वरून झाकपट्टी द्या. अगदी खालच्या टोकाला पाणी भिंतीपासून दूर, पन्हळीत फेकणारा वाकडा तुकडा हवाच. तो विसरला की ओल खालच्या खोलीत दिसते आणि लोक खिडकीला दोष देतात.

सगळ्या छपरावर वॉटरप्रूफिंगचा रंग मात्र मारू नका. हे मी कळकळीनं सांगते. सपाट गच्चीला तो चालतो, शिंगलला नाही. शिंगल्स एकमेकींवर सुट्या रचलेल्या असतात, आत गेलेला ओलावा त्यांच्या फटींतून निघून जातो. रंगानं त्या फटी बुजतात आणि ओलावा खालच्या प्लायवूडमध्ये मुरतो. शिवाय रंगाचा थर वाळताना आकसतो आणि शिंगलच्या कडा ओढून वर वळवतो. अशी दोन वर्षांत कुजलेली प्लाय मी हातानं सोलून काढली आहे. ते पैसे फ्लॅशिंगला घाला.

अजून एक करा. पीओपीच्या झाकणातून टॉर्च घेऊन छपराखालच्या पोकळीत डोकवा. प्लायवर काळे डाग, खिळ्यांच्या टोकांना गंज, आणि भट्टीसारखी नव्हे तर नुसतीच कोंदट, दमट हवा असली, तरी हवा अडली आहे असं समजा. बाथरूमचा एक्झॉस्ट पंखा तिथे आत सोडलाय का, तेही बघा. ठेकेदार असं सर्रास करतात आणि घरातली सगळी वाफ प्लायला जाऊन चिकटते. हवेचा हिशोब असा: पोकळीच्या 300 चौरस फुटांमागे एक चौरस फूट मोकळी वाट, तीही निम्मी वळचणीला आणि निम्मी आढ्याला. पोकळी 900 चौरस फुटांची असेल तर खाली दीड आणि वर दीड. पारव्यांसाठी जाळी लावाल तेव्हा तिच्या तारांनी अडलेली जागा या हिशोबातून वजा करा.

प्लाय मऊ लागली तर तेवढा भाग कापून बदला. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये जाल तेव्हा आयएस 710 चा शिक्का असलेली मरीन प्लायच घ्या. कमर्शियल प्लाय स्वस्त पडते, पण एका गळतीत फुगते आणि मग खिळा धरत नाही.

प्रश्न : मॅडम, मुळशी धरणाजवळ आमचं सुट्टीचं घर आहे. छपराच्या उत्तरेकडच्या बाजूवर काळे ओघळ आणि कडेला हिरवं शेवाळ येतं. घर सांभाळणाऱ्या मामांनी गाडी धुण्याच्या प्रेशर पंपानं धुतलं. चकाचक झालं, पण खाली बादलीभर वाळू जमली. दरवर्षी असं करावं का?
(एक वाचक, कर्वेनगर)

उत्तर : पुन्हा कधीच नको. त्या बादलीत तुमच्या छपराची काही वर्षं गेली. मामांना बोल लावू नका, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. पण पंप उचलून ठेवा.

काळे ओघळ ही धूळ नाही आणि बुरशीही नाही. ग्लिओकॅप्सा मॅग्मा नावाचा नील-हरित सूक्ष्मजीव शिंगलमधल्या चुनखडीच्या भुकटीवर वाढतो. सावली आणि ओल मिळाली की पसरतो, म्हणून उत्तरेचं पाखं आधी काळवंडतं. त्यानं छप्पर गळत नाही. हिरवं शेवाळ मात्र खरं नुकसान करतं. ते शिंगलच्या कडेखाली शिरून तिला उचलतं आणि पाणी धरून ठेवतं. पुणे शहरात वर्षाला साधारण 700 ते 750 मिलिमीटर पाऊस पडतो. तुमच्याकडे ताम्हिणीच्या बाजूला त्याच्या कितीतरी पट. तिथे शेवाळाला सुट्टीच नसते.

साफ करायचं तर पावसाळा संपल्यावर, नोव्हेंबरात, ढगाळ सकाळी. कपडे धुण्याचं साधं क्लोरीन ब्लीच आणि पाणी सारख्या प्रमाणात मिसळा, बागेच्या फवाऱ्यानं मारा, 15-20 मिनिटं ठेवा आणि साध्या नळीनं वरून खाली धुवा. शेवाळ त्याच दिवशी खरवडू नका. ते मरून वाळतं आणि पुढच्या काही सरींत आपोआप गळून पडतं. केमिकलच्या दुकानातलं सुटं हायपोक्लोराइट घरगुती ब्लीचपेक्षा तीव्र असतं, ते आणलंत तर पाणी जास्त घाला. संडास धुण्याचं ॲसिड त्यात चुकूनही मिसळू देऊ नका, विषारी वायू निघतो. मामांना हे समोर बसवून सांगा. हातमोजे, चष्मा आणि कमरेला दोर यांशिवाय त्यांना वर पाठवू नका. खालची झाडं आधी आणि नंतर पाण्यानं भिजवा. छपराचं पाणी टाकीत साठवत असाल तर तो पाइप त्या दिवसापुरता आणि पहिल्या पावसापुरता काढून ठेवा.

आढ्याखाली तांब्याची किंवा जस्ताची पट्टी बसवली तर पावसासोबत धातूचे कण खाली उतरतात आणि हा जीव वाढत नाही. तुमची पन्हळ जीआय पत्र्याची किंवा ॲल्युमिनियमची असेल तर तांबं नको, त्याचं पाणी पन्हळ खातं. जस्त लावा. आणि छपरावर वाकलेल्या फांद्या छाटून घ्या. ऊन पोचलं की निम्मं काम होतं.

प्रश्न : पाऊस कितीही पडो, फक्त बाथरूममधून वर गेलेल्या पाइपपाशीच थेंब पडतात. सगळं छप्पर काढावं लागेल का?
(एक वाचक, पाषाण)

उत्तर : नाही, मुळीच नाही. त्या पाइपभोवती रबरी गळपट्टी असते. ती शिंगलच्या आधी मरते, कारण रबराला ऊन सोसत नाही. तडकलेलं रबर गच्चीवरूनही दिसेल. गळपट्टी नवी बसवताना तिचा वरचा अर्धा भाग शिंगलखाली आणि खालचा अर्धा भाग शिंगलवर यायला हवा. तिच्यावर एम-सीलचा गोळा थापून कुणी निघून गेलं तर पैसे देऊ नका.

प्रश्न : माझा मुलगा आणि सून न्यू जर्सीत घर घेत आहेत. छप्पर 19 वर्षांचं, शिंगलचं. तपासणीवाला म्हणाला, आणखी तीन ते पाच वर्षं चालेल. विकणारा म्हणतो, जुन्यावरच नवा थर टाकून देतो. लाकडी घर, वर हे डांबरी छप्पर, आम्हाला धास्ती वाटते. मुलगा म्हणतो, आई तू विचार त्या तुमच्या सदरात.
(एक आई, सहकारनगर)

उत्तर : काकू, आधी धास्ती सोडा. तिथल्या बहुसंख्य घरांवर शिंगलच असते. 1903 च्या सुमारास मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सला हेन्री रेनॉल्ड्स यांनी डांबरी कागदाच्या गुंडाळ्या कापून तिचे तुकडे केले, तेव्हापासून तिथले कारागीर हेच काम करत आलेत. तपासणीवाल्याचा अंदाजही मला रास्त वाटतो.

जुन्यावर नवा थर मात्र नको. तिथले नियम साधारणपणे एका थरावर दुसरा टाकू देतात, तिसरा नाही. पण परवानगी आहे म्हणून ते चांगलं ठरत नाही. जुना थर काढलाच नाही तर खालच्या फळ्या कुठे कुजल्यात हे कधीच दिसणार नाही, भिंतीशी आणि चिमणीशी जुनीच फ्लॅशिंग राहील, आणि पुढच्या वेळी दोन थर उपसण्याचा खर्च तुमच्या मुलावर पडेल.

तिथे बर्फाचा आणखी एक मुद्दा आहे, जो आपल्याला पुण्यात सुचणार नाही. घराच्या उबेनं छपराच्या वरच्या भागातला बर्फ वितळतो, पाणी खाली येतं आणि थंड वळचणीला पुन्हा गोठतं. त्या बांधामागे साठलेलं पाणी उलटं चढून शिंगलखाली शिरतं. म्हणून बर्फाच्या प्रदेशात वळचणीपासून, बाहेरच्या भिंतीच्या 24 इंच आतपर्यंत, चिकटणारा जलरोधक पडदा थेट फळ्यांवर घालतात. जुना थर तसाच ठेवून तो घालताच येत नाही.

मुलाला म्हणावं, विकणाऱ्याकडून छप्पर घेऊ नको, घराच्या किमतीत तेवढी सूट घे आणि माणूस स्वतः निवड. विकणारा स्वस्तातलं काम करून मोकळा होईल, राहायचं तुम्हाला आहे. लेखी कोटेशनमध्ये जुनं सगळं उतरवणं, राडारोडा उचलणं, नवी फ्लॅशिंग, पाइपच्या नव्या गळपट्ट्या आणि कुजलेली फळी निघाल्यास एका शीटचा दर, एवढं असायला हवं. वादळवाऱ्यासाठी दर शिंगलला चारऐवजी सहा खिळे मागावेत. विमा कंपनीला छपराचं वय सांगून हप्ता किती पडतो तेही सौदा होण्याआधी विचारावं. आणि काम कडाक्याच्या थंडीत काढू नये. शिंगलच्या खालच्या कडेला गोंदाची पट्टी असते, ती उन्हाच्या उबेनंच चिकटते. थंडीत प्रत्येक शिंगल हातानं डिंकवावी लागते आणि ते कष्ट सगळे घेत नाहीत.

प्रश्न : पीएम सूर्यघर योजनेतून तीन किलोवॅटचं सोलर बसवायचंय. छप्पर शिंगलचं, 14 वर्षांचं. चालेल?
(एक वाचक, बाणेर)

उत्तर : तीन किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान आहे, जरूर घ्या. पण पॅनल 25 वर्षं राहणार आणि तुमच्या छपराची पाच-सात वर्षं उरलीत. मग छपरासाठी सगळं उतरवून पुन्हा चढवायचं. निदान पॅनलखालचं पाखं आधी बदला. नट-बोल्ट प्लायमध्ये नको, खालच्या वाशात किंवा काँक्रीटमध्ये जायला हवेत, आणि प्रत्येक पायाखाली शिंगलच्या आत सरकवलेली फ्लॅशिंगची पाटी हवी. बसवणारा फक्त सिलिकॉनची नळी घेऊन आला तर त्याला वर चढू देऊ नका.

प्रश्न : भोरजवळ आमच्या शेतात घर बांधतोय. दादांचं, म्हणजे वडिलांचं, म्हणणं मंगलोरी कौलं घाल. आर्किटेक्ट शिंगल्स म्हणतो. तुम्ही काय घातलं असतं?
(एक वाचक, धनकवडी)

उत्तर : कौलं. दादांच्या बाजूनं मी ठामपणे उभी आहे.

बासेल मिशननं 1865 मध्ये मंगलोरला कौलांचा कारखाना काढला. त्या घडणीची जुनी कौलं आपल्याकडच्या वाड्यांवर आणि शाळांवर अजून पाणी झेलताना दिसतात. कौल फुटलं तर एकच बदलायचं, तेही गावातला माणूस तासाभरात बदलतो. पावसाळ्याआधी कौलं चाळून घेतली की वर्ष निघतं. शिंगल सुटली तर भोरला माणूस पुण्याहून न्यावा लागेल, आणि 20 वर्षांनी उतरवलेला डांबरी ढीग टाकायचा कुठे, हा प्रश्न तुमच्याच शेतात उभा राहील.

आर्किटेक्टचंही एक म्हणणं खरं आहे. चौरस मीटरला साधारण 15 कौलं बसतात, म्हणजे कोरडं वजनच 30 किलोंच्या वर. शिंगल त्याच्या निम्म्याहून कमी. म्हणून वासे आणि रिपा भक्कम हव्यात, लाकूड परवडत नसेल तर लोखंडी पाइपचा सांगाडा करा. माकडांचा त्रास असेल तर फुटतूट होणार, शंभरेक कौलं जादा घेऊन ठेवा.

छप्पर काँक्रीटचंच तिरकं ओतायचं ठरलं असेल, किंवा उतार कौलांना पुरेसा मिळत नसेल, तर शिंगल घाला. पण 12 फूट आडव्या अंतराला किमान 4 फूट चढ धरा. चढ 2 ते 4 फुटांच्या मध्ये असला तर खाली अस्तराचे दोन थर लागतात, आणि 2 फुटांच्या खाली शिंगल घालूच नये. काँक्रीटवर शिंगल नुसती चिकटवू देऊ नका. आधी पट्ट्या, त्यावर मरीन प्लाय, मधे हवेला वाट, आणि मग शिंगल. बसवताना तिच्या पाठीवरची प्लास्टिकची पातळ पट्टी कामगार सोलत बसतील, त्याची गरज नसते. ती गठ्ठ्यात शिंगल्स एकमेकींना चिकटू नयेत म्हणून असते. काम संपल्यावर एक गठ्ठा उरवून माळ्यावर आडवा ठेवा, दहा वर्षांनी तोच रंग बाजारात मिळत नाही.

कौलं असोत की शिंगल्स, आकार साधा दुपाखी ठेवा. आर्किटेक्टनं नकाशात काढलेली प्रत्येक व्हॅली आणि प्रत्येक छोटी खिडकी म्हणजे पाणी शिरायची एकेक जागा. वळचण भिंतीच्या बाहेर अडीच फूट तरी काढा, भोरचा पाऊस तिरका येतो. नकाशा पक्का होण्याआधी छपराचा उभा छेद मला पाठवा. सांगाड्याचं माप ठरण्याआधीच उतार आणि पन्हळ बघून घेऊ.